फाइलमधली आत्या

गेल्या दिवाळीत मी बोरिवलीला माझ्या मामेबहिणीकडे फराळाला गेले होते. तिची नात मुक्ता, वय वर्षं एकोणीस, कॅनडाला शिकायला जायचं म्हणून इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होती. मी या धंद्यात नऊ वर्षं काढलेली. त्यामुळे चकलीचा तुकडा तोंडात असतानाच मुलीला माझ्यासमोर उभं करण्यात आलं आणि मुलुंडच्या आजीला बोलून दाखव, असं फर्मान सुटलं. मुक्ताने हात पाठीमागे बांधले आणि इंग्रजीत सुरू केलं. तिच्या आयुष्यावर सगळ्यात जास्त प्रभाव तिच्या आत्याचा. आत्या मेहनती, हसतमुख, वेळेची पक्की. दर रविवारी आत्या तिला फिरायला न्यायची आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावायची.

ती आत्या माझी होती.

"तिचं नाव काय?" मी विचारलं.

"कोणाचं?"

"तुझ्या आत्याचं."

मुक्ता आजीकडे बघायला लागली. मग मला म्हणाली, "फाइलमध्ये नाव नाहीये ना."

आता मुक्ताला सख्खी आत्या आहे. ती दहिसरला राहते, तिचं नाव वैशाली, आणि त्या दुपारी ती आतल्या खोलीत आम्हाला घरी न्यायला करंज्यांचे डबे भरत होती. दार उघडं होतं. तिने सगळं ऐकलं असणार. निघताना माझ्या डब्यात दोन करंज्या जास्त आल्या.

या अंकाच्या संपादकांनी मला फोन करून सांगितलं की तुमच्या क्षेत्रातले गमतीदार अनुभव लिहा, वाचकांना परदेशी शिक्षणाबद्दल फार कुतूहल आहे. गमतीदार हवं असेल त्यांनी पान उलटून पाककृतींकडे जावं. मला राग आलेला आहे, तो दीड वर्षं उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझ्या स्वतःवर आहे.

ज्यांच्या घरात अजून कोणी ही परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परदेशात शिकायला जायचं तर तुम्हाला इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं. तुमचं अख्खं शिक्षण इंग्रजीत झालेलं असलं तरी बहुतेक ठिकाणी करावं लागतं. परीक्षेचे चार भाग: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला नऊपैकी गुण, त्याला बँड म्हणतात. बोलण्याच्या भागात एका खोलीत तुम्ही आणि एक परीक्षक. तो तुमच्या हातात एक कार्ड ठेवतो, त्यावर एक विषय. एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. मग त्यावरच तो आणखी काही विचारतो.

दोन मिनिटं म्हणजे किती, हे तुम्ही घरी घड्याळ लावून बघा. स्वतःबद्दल, अनोळखी माणसासमोर, परक्या भाषेत, दोन मिनिटं. आपल्याकडे मुलांना लहानपणापासून काय शिकवतात? मोठ्यांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दे, आगाऊपणा करू नको. वीस वर्षं तोंड बंद ठेवायला शिकवायचं आणि मग एका सकाळी सांगायचं, हं, बोल आता घडाघडा. मुलं गप्प होतात. हुशार मुलं जास्त गप्प होतात.

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले त्याच वर्षी मिलिंद घरी आला. मिलिंद माझा जुना विद्यार्थी, आठवीत मागच्या बाकावर बसणारा, वर्गात सगळ्यांना चिंचा विकणारा. त्याने फरसाणच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर या परीक्षेचा क्लास काढला होता. "बाई, तुम्ही फक्त या," तो म्हणाला. "बाकी मी बघतो." बाई ही हाक ऐकली की मराठी शाळेतली मास्तरीण विरघळते. मी गेले.

दुसऱ्या वर्षी एका बॅचमध्ये सगळीच मुलं मुखदुर्बळ निघाली. कार्ड हातात दिलं की पंख्याकडे बघायची. मग मे महिन्यात मी घरी बसून बत्तीस विषयांवर बत्तीस उत्तरं लिहून काढली. आवडती जागा, न विसरता येणारा प्रवास, मिळालेली भेट, आयुष्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती. सोपी वाक्यं, मध्येच एखादा वजनदार शब्द, बरोबर दोन मिनिटांत बसणारी. मुलांनी पाठ केली. बँड वाढले. पाच येणाऱ्याला सहा यायला लागले. मिलिंदने त्यांची निळी फाइल बनवली, वर क्लासचं नाव छापलं, आणि 'बत्तीस उत्तरं' हा आमचा ब्रँड झाला. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. भाजी घेताना कोणाची तरी आई थांबवून सांगायची की तुमच्या फाइलमुळे माझा मुलगा तिकडे पोचला. मी त्या दिवशी कोथिंबिरीवरून घासाघीस करायची नाही.

प्रभाव टाकणाऱ्या व्यक्तीपाशी आले तेव्हा मी फार विचार केला नाही. माझी आत्या लिहिली.

माझी खरी आत्या नाहूरला दोन खोल्यांत एकटी राहायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शाळा सातवीपर्यंत, आणि इंग्रजी सगळं कानाला लावलेल्या यंत्रातून शिकलेली. मी आठ वर्षांची असताना ती मला रविवारी नाहूरपासून मुलुंडपर्यंत चालत न्यायची आणि दिसेल ती इंग्रजी पाटी वाचायला लावायची. चुकलं की मागे फिरून परत त्याच दुकानासमोर उभं करायची. दुकानदार हसायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हसतमुख म्हणाल तर माझी आत्या महिन्यातून एकदा हसायची, तेही कोणी घसरून पडलं तर. तपकीर ओढायची. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती तोंडावर सांगायची की तुमच्याकडे बघून. तिच्या धाकामुळे मी इंग्रजीची शिक्षिका झाले.

फाइलसाठी मी तिची तपकीर काढली. तोंडाचा पट्टा काढला, नाहूर काढलं, तिचं एकटं राहणं काढलं. सगळ्यात शेवटी नाव काढलं, कारण नाव ठेवलं तर ती एकाचीच आत्या झाली असती. उरली ती मेहनती, हसतमुख आणि वेळेची पक्की. बाजारात फ्री साइझचा गाऊन मिळतो ना, कोणालाही होतो आणि कोणालाच नीट बसत नाही, तशी आत्या मी शिवली. मग सात वर्षं मुलुंड, भांडुप, घाटकोपरची पोरं परीक्षकांना तीच आत्या सांगत राहिली.

मला एकाने वेळीच सावध केलं होतं. ब्रायन नावाचा मढचा मुलगा होता. त्याचे वडील तिथल्या एका बंगल्याची देखभाल करायचे, तो बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. ब्रायन लहानपणापासून लाइटवाल्यांशी, मेकअपवाल्यांशी, कोणाकोणाशी बोलत वाढलेला. त्याचं इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने भयंकर होतं आणि ऐकायला अतिशय गोड. मढहून मुलुंडला यायला त्याला दोन तास लागायचे, तरी कधी उशीर नाही. मी त्याला फाइल दिली. त्याने दुसऱ्या दिवशी परत केली.

"टीचर, मला आत्याच नाय. डॅडीला चार भाऊ. मी कुठून आणू?"

मी म्हटलं, परीक्षकाला काय कळणार आहे. तो म्हणाला, त्याला नाय कळणार, पण मला हसायला येईल ना. त्याने परीक्षेत बंगल्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल सांगितलं. शूटिंगमध्ये कोणी खोटं रडायला लागलं की तो कुत्रा उठून जायचा, असं काहीतरी. बोलण्यात त्याला आठ बँड आले, आमच्या क्लासचा तोवरचा उच्चांक. मिलिंदने त्याचा फोटो फाइलच्या मुखपृष्ठावर छापला. जी फाइल त्याने परत केली, तिच्याच मुखपृष्ठावर. आणि मी हसले. त्या वेळी राग यायला हवा होता तो मला आला नाही, हे माझं चुकलं.

आता दर्शनाबद्दल.

दर्शना परब वाकोल्याची. आजोबा गिरणीत होते, वडील बसचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, मूळ गाव मालवणजवळ. ती घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. जखमांची शुश्रूषा हा तिचा खास विषय. मधुमेहाने पाय कुजायला लागलेल्या माणसाचा पाय कापावा लागू नये म्हणून रोजच्या रोज काय काय करता येतं, यावर ती तासभर बोलू शकायची. आयर्लंडमधल्या एका कॉलेजात नेमका याच विषयाचा वर्षाचा कोर्स होता. थोड्या जागा, त्यातली एक तिला मिळाली होती. अट एकच. जून संपायच्या आत इंग्रजीचा निकाल पाठवायचा, एकूण साडेसहा, आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली नको.

या मुलीने चार वर्षं नर्सिंग इंग्रजीत शिकलं. औषधांची पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, रोजचा केसपेपर इंग्रजीत. डॉक्टरांच्या अक्षरातलं इंग्रजी वाचून ती माणसांना डोस देत होती आणि माणसं वाचत होती. तरी तिने सिद्ध करायचं. बरं, सिद्ध केलं तरी निकाल दोन वर्षंच चालतो. दर्शनाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मॅम, एक्सपायरी डेट? सिरपसारखी?" आम्ही हसलो. पण तुम्हीच सांगा, रोज वापरातली भाषा दोन वर्षांत नासते कशी? मला आजवर याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

लिहिणं, वाचणं, ऐकणं यांत तिला काही अडचण नव्हती. बोलण्याचा सराव सुरू केला तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला कार्ड दिलं: कठीण प्रसंगी मदत करणारी व्यक्ती. तिने फाइल अजून उघडली नव्हती. ती जे मनात आलं ते सांगायला लागली.

शिकत असताना मोठ्या सरकारी रुग्णालयात तिची वॉर्डात ड्यूटी होती. पहिल्याच महिन्यात दुपारच्या वेळी एक म्हातारी बाई गेली. नातेवाईक कोणी नाही. सिस्टरने दर्शनाला सांगितलं, स्वच्छ करून घे. ही एकोणीस वर्षांची, तिने मेलेलं माणूस कधी शिवलं नव्हतं. पडद्याआड नुसती उभी राहिली. तिथे सफाईला एक कमलमावशी होत्या. त्या आत आल्या, दर्शनाच्या हातात ओला कपडा दिला आणि म्हणाल्या, आधी तिचं नाव वाच. मनगटावरच्या पट्टीवर होतं. दर्शनाने वाचलं. मावशी म्हणाल्या, आता नाव घेऊन सांग तिला, तुमचा हात पुसते, तुमचं तोंड पुसते. मुक्याने पुसू नको, ती काही लादी नाही. दर्शनाने तसं केलं, आणि तिचे हात आपोआप चालायला लागले.

हे सगळं तिने तोडक्यामोडक्या काळांत सांगितलं. मावशी वर्तमानात बोलत होती, म्हातारी भूतकाळात मरत होती, मध्येच वाक्य सोडून ती पुढे जात होती. पण वर्गातली अकरा मुलं पेनं खाली ठेवून ऐकत होती.

आणि मी, तीस अधिक नऊ वर्षांचा अनुभव असलेली बाई, काय म्हणाले? मी म्हणाले, छान आहे गं, पण मरणाची गोष्ट परीक्षेत सांगायची नाही. भावना आल्या की तुझं व्याकरण सुटतं. फाइलमधली आत्या पाठ कर, सेफ आहे. पेन्सिलीने तिच्या अकरा चुका मोजून दाखवल्या. तिने मान डोलावली. नर्सेसना सूचना पाळायची सवय असते. आठवड्यात तिने आत्या अशी पाठ केली की स्वल्पविराम चुकत नव्हता.

मे महिन्यात परीक्षा झाली. दुपारी तिचा फोन आला.

"मॅम, त्यांनी आत्याचं नाव विचारलं."

"मग? काहीतरी सांगायचं ना गं. सुनीता, अनिता, काहीही."

"सुचलं होतं, मॅम. पण न बघता टेंपरेचर लिहिल्यासारखं वाटलं."

पुढचं तिने हळूहळू सांगितलं. परीक्षक एक वयस्कर बाई होत्या. दर्शनाने आत्याची दोन मिनिटं अस्खलित म्हटली. बाईंनी ऐकून घेतलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, नाव काय त्यांचं? दर्शना थांबली. या परीक्षकांना पाठ केलेलं उत्तर ओळखायला शिकवलेलं असतं, हे मी मुलांना सांगायची, आणि त्यावर उपाय म्हणून जास्त नीट पाठ करायला लावायची. दुसरा कोणी असता तर काहीतरी ठोकून मोकळा झाला असता. दर्शना इंग्रजीत म्हणाली, मला माहीत नाही, ती माझी आत्या नाही. बाईंनी पुढचे प्रश्न विचारले. पण हिच्या तोंडून मग एकेक शब्दच निघाला. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात की मोजलेलं नाही ते चार्टवर लिहायचं नाही. तिने पाच वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. ते एकदाच करायला मी तिला भाग पाडणार होते आणि ते तिला जमलं नाही.

त्या क्षणी मला राग आला तो तिचा. मनात म्हटलं, काय बावळट मुलगी आहे. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

निकाल आला. बाकी तिन्ही भागांत साडेसहा-सात, बोलण्यात पाच. मी निकालाचा कागद घेऊन मिलिंदच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, फाइल बंद कर. निदान आत्या तरी काढ. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मिलिंद वाईट माणूस नाही, हेच त्याच्याबद्दलचं वाईट आहे. तो म्हणाला, पोरांना बोलता येत नाही म्हणून तर आपण देतो. एक मुलगी जरा जास्तच ऑनेस्ट निघाली, त्याला आपण काय करणार. मग त्याला एकदम कल्पना सुचली.

"बाई, सिंपल आहे. पुढच्या प्रिंटमध्ये नाव टाकू. पन्नास नावांची लिस्टच देऊ मागे. ज्याला जे हवं ते घेईल."

"मिलिंद, ती माझी आत्या आहे."

"माहितीये ना, बाई. म्हणून तर रिअल वाटते."

मी चहा तसाच ठेवून उठले. तीस वर्षांत मी कुठल्या विद्यार्थ्यावर हात उचलला नाही. त्या दिवशी हात शिवशिवला. पण मारणार कोणाला? आठवीत निबंध पाठ करून लिहायला त्याला शिकवलं कोणी? 'माझी आई', 'माझा आवडता ऋतू', 'मी पाहिलेला सूर्योदय' हे निबंध फळ्यावर लिहून देणारी मीच. सबंध वर्गाने एकच सूर्योदय पाहिलेला असायचा आणि मी सगळ्यांना दहापैकी आठ द्यायची. मिलिंदने धंदा माझ्याकडूनच उचलला होता.

दुसऱ्या दिवशी मी वाकोल्याला दर्शनाच्या घरी गेले. जून संपायला महिना होता, परीक्षेची आणखी एक तारीख मिळत होती. दर्शना ड्यूटीवर होती. तिने नर्सिंग होममध्ये राजीनाम्याची नोटीस आधीच देऊन ठेवली होती, कारण आमच्या क्लासने तिला सांगितलं होतं की तुमचं काम झालंच समजा. वडिलांनी मला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. ते रागावतील म्हणून मी तयारीने गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि लेकीबद्दल म्हणाले, "आमच्या चेडवाक खोटा बोलूक येणा नाय, मॅडम. लहानपणापासूनच. त्येच्यापायी लय मार खाल्ल्यान तिना."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढचे वीस दिवस ती ड्यूटी संपली की माझ्याकडे मुलुंडला यायची. मी तिला काही शिकवलं नाही. नुसती समोर बसून विचारायची: मग? पुढे? तिला कसं वाटलं? तुला काय वाटलं? लाल पेन मी कपाटात टाकलं होतं. ती कमलमावशींबद्दल बोलली, बाबांच्या बसबद्दल बोलली, जखमेला वास यायला लागला की तो कसा ओळखायचा त्याबद्दल बोलली. एकच गोष्ट तिने वीसदा सांगितली आणि एकदाही तशीच सांगितली नाही. चुका तिच्या तिनेच कमी केल्या, कारण मला नीट कळावं अशी तिची इच्छा होती. एकोणचाळीस वर्षांत मी हे का केलं नाही? कारण याला वेळ लागतो, एका वेळी एकच माणूस लागतो, आणि याची फाइल होत नाही.

परीक्षेत कार्ड आलं: शिक्षक नसलेल्या व्यक्तीकडून तुम्ही शिकलेली गोष्ट. तिने कमलमावशी सांगितल्या. बोलण्यात सात बँड आले.

निकाल हातात पडला तेव्हा जुलैची चार तारीख होती. तिने त्याच मिनिटाला पाठवला. कॉलेजचं उत्तर दोन ओळींचं आणि अत्यंत सभ्य होतं. जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला दिली आहे, पुढील वर्षी जरूर अर्ज करावा. चार दिवस. मी एका दुपारी पेन्सिलीने अकरा चुका मोजल्या, त्याची किंमत त्या मुलीने एका वर्षाने चुकवली. नर्सिंग होमने तिला परत घेतलं एवढंच.

मी क्लास सोडला. पंधरा दिवसांनी स्टेशनबाहेर दर्शनाचा फोटो लागला, खाली मोठ्या अक्षरांत सात, आणि त्याखाली 'बत्तीस उत्तरांची किमया'. मी मिलिंदला फोन केला. त्याने उचलला नाही. मग दर्शनाने स्वतः जाऊन त्याला सांगितलं की हे खरं नाही, तेव्हा फोटो उतरला. फाइल मात्र उतरली नाही. आता ती छापायचीही गरज राहिलेली नाही. मोबाइलवरून मोबाइलवर जाते, मुलुंडहून बोरिवलीला, माझ्या मामेबहिणीच्या घरात, उघड्या दारापलीकडे खरी आत्या बसलेली असताना.

यंदा श्रावणात आमच्या गल्लीत खणून ठेवलेल्या फुटपाथवर मी पडले. पायाला मोठी जखम झाली, साठी उलटलेली, त्यात साखर. मुलाने घाटकोपरच्या त्याच नर्सिंग होममध्ये नेलं. ड्रेसिंगच्या खोलीत दर्शना होती. मला बघून तिच्या भुवया वर गेल्या, पण तिने आधी हात धुतले, हातमोजे चढवले, माझ्या मनगटावरची पट्टी सरळ केली.

"नाव सांगा."

"अगं, तुला माहीत नाही का?"

"पेशंटच्या तोंडून ऐकायचं असतं, मॅम. आधी नाव, मग जखम."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. तिने ते पट्टीशी ताडून बघितलं आणि कामाला लागली. हात अतिशय हलका. काय करते आहे ते सांगत सांगत करत होती, आता गार लागेल, आता थोडं झोंबेल. मी विचारलं, अर्जाचं काय झालं. पुन्हा केला आहे, म्हणाली, उत्तर यायचंय. निकालाची मुदत येत्या जूनला संपते. उत्तर त्याआधी आलं तर ठीक, नाहीतर पुन्हा तीच परीक्षा, पुन्हा सिद्ध करायचं. तिच्या आवाजात राग नव्हता. माझा दोघींना पुरेल एवढा होता.

पट्टीचं शेवटचं टोक चिकटवताना ती म्हणाली, "मॅम, एक विचारू? तुमच्या आत्याचं नाव काय होतं?"

नऊ वर्षांत क्लासमधल्या एकाही मुलाने मला हे विचारलं नव्हतं. मिलिंदने नाही. मीही कधी कोणाला आपणहून सांगितलं नव्हतं. ज्या बाईने मला पाटी चुकली की मागे फिरायला लावलं, तिला मी बिननावाची करून शेकडो मुलांच्या तोंडी दिलं, आणि चुकलं हे कळायला मला एका नर्सचं वर्ष वाया घालवावं लागलं.

"मंदाकिनी," मी सांगितलं. दर्शनाने ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

हा अंक ज्या घरात जाईल तिथे कोणी ना कोणी परदेशी जायच्या तयारीत असेलच. त्याच्या मोबाइलमध्ये किंवा कपाटात ती फाइल असेल. प्रभाव टाकणारी व्यक्ती, उत्तर क्रमांक नऊ. कागदावर असेल तर त्या पानाच्या वर पेनाने मंदाकिनी असं लिहा. मग ते पान फाडून टाका, आणि मुलाला समोर बसवून विचारा, तुझ्या आत्याचं नाव काय.